मनुष्यस्वभावाच्या नावाने

‘मनुष्यस्वभावच तसा आहे, त्याला कोण काय करणार?’ आपल्या सार्वजनिक जीवनात या वाक्याइतके निरुपद्रवी दिसणारे आणि या वाक्याइतके उपद्रवी ठरलेले दुसरे वाक्य क्वचितच सापडेल. जेथे जेथे कोणी हिशेब मागू लागतो तेथे तेथे हे वाक्य उत्तरादाखल पुढे सरकवले जाते. विहिरी आटल्या की शेतकरी हावरट असतो. बँक बुडाली की ठेवीदार लोभी असतो. ऊसतोड मजूर जन्मभर मुकादमाच्या कर्जात राहिला की तो जात्याच उधळ्या असतो. आणि एखाद्या दलित तरुणाचा खून झाला की जात माणसाच्या रक्तातच असते! एकदा दोष स्वभावावर ढकलला की धोरण सुटले, कारखाना सुटला, सत्ता सुटली आणि बोलणाराही सुटला. स्वभावावर खटला भरता येत नाही.

या वाक्याची तपासणी करायची तर नगर जिल्ह्यासारखी जागा नाही. (सरकारदरबारी २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातील चौंडीचा. त्यांनी ठिकठिकाणी विहिरी, बारवा आणि घाट बांधले. नाव बदलण्याच्या उत्साहाच्या शतांश उत्साह त्या बारवांतील गाळ काढण्याकडे वळला असता तर बाईंना अधिक संतोष वाटला असता.) जिल्ह्याच्या एका टोकाला अकोले तालुक्यातील घाटघर, जेथे सह्याद्रीचा पाऊस धो धो कोसळतो, आणि दुसरीकडे पर्जन्यछायेतील नगर, पारनेर, पाथर्डी, जामखेड हे तालुके, जेथे आभाळाकडे पाहता पाहता डोळे शिणतात. निसर्गाने इतकी विषमता ज्या भूमीत ठेवली, तेथे माणसाच्या शहाणपणाची आणि मूर्खपणाची परीक्षा दरवर्षी होते. त्या परीक्षेला गावोगावच्या लोकांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

नेवासे तालुक्यापासून आरंभ करू. या तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव घरांना दारे नसलेले गाव म्हणून देशभर प्रसिद्ध आहे. चौकटी आहेत, पण त्यांना कवाडे नाहीत, कडी नाही, कुलूप नाही. चोरी करील त्याच्यावर शनीचा कोप होईल, अशी श्रद्धा. २०११ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेने तेथे बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचे केवढे कौतुक केले! माणूस मुळात चोरच आहे, परंतु पुरेसे भय घातले तर तो सरळ वागतो, असा या कौतुकामागचा सिद्धांत होता. वरवर पाहता हा श्रद्धेचा गौरव वाटतो. वस्तुतः माणसाविषयीचा याहून अधिक अविश्वास कोणत्या कुलपानेही कधी व्यक्त केलेला नाही. कुलूप फक्त चोरावर संशय घेते. ही श्रद्धा प्रत्येकावर संशय घेते.

बरे, या भयाने कोणाचे रक्षण केले? पेटीतल्या दागिन्यांचे केले असे क्षणभर धरून चालू. परंतु त्याच शिंगणापूरपासून पाच-सहा किलोमीटरांवरील सोनई परिसरात २०१३ च्या पहिल्याच दिवशी तीन दलित तरुणांची हत्या झाली. निमित्त एका आंतरजातीय प्रेमाचे. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २०१८ मध्ये या प्रकरणी सहा जणांना दोषी ठरवले. सोन्याच्या बांगडीला हात लावताना ज्या देवाचे भय वाटते, त्या देवाचे भय सफाई काम करणाऱ्या तीन तरुणांच्या गळ्याला हात घालताना का वाटले नाही? याचे उत्तर स्वभावात शोधणे व्यर्थ आहे. भयाने चालणारी नीती नेहमी मालमत्तेची राखण करते, कारण भयाची उभारणी ज्यांच्या हाती असते त्यांच्याजवळ मालमत्ता असते. ज्यांच्याजवळ राखण्यासारखे काही नाही, त्यांच्यासाठी देवाचा कोप कधीच जागा होत नाही.

या देवस्थानाचा पुढचा इतिहास तर कोणा विडंबनकारानेच लिहिला असावा. शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांना मज्जाव होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २००० च्या सुमारास हा प्रश्न ऐरणीवर आणला, तेव्हा परंपरेच्या नावाने गहजब झाला. २०१५ च्या नोव्हेंबरात एक स्त्री चौथऱ्यावर चढली म्हणून शिळेला दुग्धस्नान घालून ‘शुद्धी’ करण्यात आली. पुढे २०१६ च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायद्याची आठवण करून दिली आणि त्यानंतर गुढीपाडव्याला चौथरा खुला झाला. कोणावर कसलाही कोप झाला नाही. राज्यात ज्या वर्षी हे घडले त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, चोर नसलेल्या या गावाला पोलीस ठाणे मिळाले होते! २०२५ मध्ये देवस्थानाने १६७ कर्मचारी कमी केले आणि त्यांत ११४ मुसलमान होते. आणि त्याच वर्षी बनावट ॲप काढून भाविकांकडून पूजेचे पैसे उकळल्याचे प्रकरण विधानसभेत गाजून त्याबाबत गुन्हे नोंदवले गेले. न्यायालयात जे सिद्ध व्हायचे ते होईल. पण एवढे कोणालाही दिसते की घरांना दारे नसल्यामुळे चोरी थांबत नाही, तिला फक्त दारातून यावे लागत नाही.

त्याच नेवाशात, प्रवरेच्या काठी, एका खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, गीतेवरील आपली टीका सांगून पूर्ण केली. शेवटी त्यांनी जे मागणे मागितले ते आजही शाळाशाळांतून म्हटले जाते, आणि म्हणूनच बहुधा कोणी त्याचा विचार करत नाही. त्या मागण्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांचे वाकडेपण गळून पडावे एवढेच मागितले आहे. विचाराच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. वाकडेपण हे गळून पडू शकते, म्हणजे ते माणसाच्या हाडात नाही, असे त्यात गृहीत आहे. सातशे वर्षांपूर्वी, ज्याच्या आईबापांना धर्ममार्तंडांनी वाळीत टाकले, त्या एका तरुणाने मनुष्यस्वभावावर इतका विश्वास टाकावा आणि आज विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकून आलेल्यांनी माणूस हा मूलतः स्वार्थी प्राणी आहे हा सिद्धांत शिरोधार्य मानावा, याला प्रगती कसे म्हणावे?

भयाच्या एक पायरी अलीकडे दंडा येतो. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत १९७५ साली लष्करातून परतलेल्या अण्णा हजाऱ्यांनी जे काम उभे केले ते आम्ही कमी लेखत नाही. दारूच्या भट्ट्यांनी वेढलेले एक कोरडे गाव नालाबांध, पाझर तलाव आणि झाडांच्या आधाराने उभे राहिले, हे कोणालाही नाकारता येणार नाही. परंतु त्या कामाच्या पोटात एक गोष्ट होती आणि तिच्याविषयी शहरी मध्यमवर्गाने टाळ्या वाजवल्या, हे अधिक चिंतेचे आहे. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून पट्ट्याने मारले जाई. हे आरोप म्हणून कोणी केलेले विधान नव्हे. खुद्द हजारे यांनीच ते जाहीरपणे सांगितले आहे आणि आईची उपमा देऊन त्याचे समर्थनही केले आहे.

आईची उपमा! गावातला पिणारा बहुधा कोण असतो? तो अल्पभूधारक किंवा मजूर असतो. त्याच्या पाठीवर पट्टा पडतो. आणि दारू कोठून येते? याच जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्क होतो, मद्यार्कापासून देशी दारू होते, तिच्या प्रत्येक बाटलीमागे सरकारच्या तिजोरीत उत्पादन शुल्क पडते आणि त्या शुल्कावर आमच्या अर्थसंकल्पाची जुळवाजुळव होते. ही आई आपल्या लेकरांपैकी आसवनीच्या मालकाला कधी खांबाला बांधत नाही. उत्पादन शुल्क खात्यावरही तिचा हात उठत नाही. जे लेकरू सर्वांत दुबळे, त्याच्याच पाठीवर ते वात्सल्य उमटते. व्यसन हा व्यक्तीचा दोष मानला म्हणजे शिक्षा स्वस्तात देता येते. तो व्यापार मानला तर शिक्षा महाग पडते.

दारूबंदीलाच आमचा विरोध आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. महाराष्ट्रात असाही नियम आहे की गावातल्या निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी गुप्त मतदानाने बाटली आडवी केली तर दुकान बंद होते. जिला नवऱ्याचा मार खावा लागतो ती स्त्री स्वतः, कोणाला न घाबरता, चिठ्ठी टाकून निर्णय देते. पट्टा आणि ही चिठ्ठी यांचा उद्देश कदाचित एकच असेल. पण पट्टा माणसाला लेकरू समजतो आणि चिठ्ठी त्याला नागरिक समजते. राळेगणच्या पट्ट्याची आठवण ठेवणाऱ्या देशाला या चिठ्ठीचे नाव क्वचितच ठाऊक असते, यावरून आमच्या सुशिक्षितांना लोकशाहीपेक्षा शिस्तीची हौस किती अधिक आहे ते कळते.

आता पाण्याकडे वळू, कारण या जिल्ह्यात शहाणपणाचे खरे माप पाणी हेच आहे.

१९६८ साली गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. एक सामाईक कुरण आहे, प्रत्येक गुराखी आपले आणखी एक जनावर त्यात सोडतो, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि तोटा सर्वांचा. शेवटी कुरण उजाड होते. म्हणून सामाईक मालकीचा शेवट विनाशातच व्हायचा. उपाय दोनच, खाजगी मालकी किंवा वरून सक्ती. हा निबंध जगभरच्या सरकारांनी आणि सावकारांनी डोक्यावर घेतला, कारण त्यात शोषणाला स्वभावाचा आधार मिळत होता. हार्डिनच्या कुरणात एक मोठी विचित्र गोष्ट आहे, ती फार थोड्यांच्या लक्षात आली. त्याचे गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत! आमच्या कोणत्याही गावातले गुराखी इतके अबोल असल्याचे ऐकिवात नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने पुढे स्वित्झर्लंडची कुरणे, जपानमधली गावराने, स्पेनमधले कालवे यांचा अभ्यास करून दाखवून दिले की लोक बोलतात, नियम करतात, पाळतात आणि मोडणाऱ्याला बेताची शिक्षाही करतात. तिला २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. परंतु हे कळण्यासाठी आम्हांला स्टॉकहोमपर्यंत जाण्याची आवश्यकता नव्हती. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवरची फड पद्धत शतकानुशतके हेच करत आली आहे. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, कोणत्या फडात यंदा कोणते पीक घ्यायचे हे सर्वांनी मिळून ठरवायचे, पाणी सोडायला पाटकरी, पिकाच्या राखणीला जागल्या, आणि पाणी कमी पडले तर तूट सर्वांनी सोसायची. त्या शेतकऱ्यांनी मनुष्यस्वभावावर ग्रंथ लिहिले नाहीत. माणूस लोभी असू शकतो हे त्यांना पुरते ठाऊक होते आणि म्हणूनच त्यांनी पाटकरी नेमला. माणूस केवळ लोभीच नसतो हेही त्यांना ठाऊक होते आणि म्हणूनच तो पाटकरी त्यांनी आपल्यातूनच नेमला.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारची कथा आता इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिचा भजनासारखा उपयोग होऊ लागला आहे. मंत्री येतात, टोपी घालतात, झाड लावतात, जातात. म्हणून तिच्यातले मर्म तेवढे उचलून घेतले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव मोडले. डोंगर बोडके झाले, भट्ट्या लागल्या, माणसे पोटासाठी बाहेर पडली. पहिलवानांचे म्हणून ओळखले जाणारे गाव भांडणांसाठी ओळखले जाऊ लागले. स्वभाववाद्यांना येथे सिद्धांत मांडायला उत्तम संधी होती. १९८९ नंतर पोपटराव पवार सरपंच झाल्यावर त्याच माणसांनी, त्याच मातीत, त्याच चारशे मिलिमीटरच्या आगेमागे होणाऱ्या पावसावर नियम केले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान तर केलेच, परंतु खरा नियम पुढचा होता. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, पावसाळा संपला की गावासमोर पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि पाणी जेवढे असेल तेवढ्यावरच रब्बीत काय पेरायचे ते ठरवायचे. १९९५ मध्ये दारिद्र्यरेषेखाली १६८ कुटुंबे होती, पुढच्या पंधराएक वर्षांत ती संख्या तीनवर आली, असे गावच्या नोंदी सांगतात.

या माणसांचा स्वभाव बदलला काय? आमचे उत्तर, नाही. त्यांना ऊस नकोसा झाला नाही. शेजारच्या शेतात बोअर लागला तर आपल्यालाही हवासा वाटणे थांबले नाही. बदलली ती परिस्थिती, जिच्यात ती इच्छा वावरत होती. पूर्वी प्रत्येक जण अंधारात पाणी उपसत होता. आता पाण्याचा आकडा फळ्यावर लिहिलेला आहे आणि तो सर्वांना वाचता येतो. आपण सोडलेले पाणी शेजारी चोरून उपसणार नाही, ही खात्री मिळाल्यावर माणूस संयम पाळतो. ती खात्री नसताना संयम पाळणाऱ्याला आपण साधू म्हणतो आणि सगळे गाव साधूंचे असावे अशी अपेक्षा कोणत्याही समंजस राजकारणाने करू नये. राज्याने २००९ साली भूजलाचा कायदा केला, त्याला २०१३ मध्ये संमती मिळाली. अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरपेक्षा खोल विहीर खोदण्याला त्यात मनाई आहे. तरीही बोअरच्या गाड्या रात्री-अपरात्री शिवारात घरघरत असतात. कायदा वरून आला, त्यामागचा हिशेब कोणी खाली पोचवला नाही. मग कायदा मोडणारा शेतकरी निसर्गतःच बेशिस्त, हा निष्कर्ष काढायला आम्ही मोकळे!

हिवरे बाजारला दोष नाहीत असेही नव्हे. एका कर्त्या माणसाभोवती इतकी वर्षे फिरणारे गाव त्याच्यानंतर कसे चालेल, हा प्रश्न उरतोच. ज्याला जमीन नाही त्याला पाण्याच्या ताळेबंदात कोणता रकाना मिळतो, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. विहीर भरली की विहिरीच्या मालकाची भरते. भूमिहीनाच्या वाट्याला चाऱ्याचा भारा आणि मजुरीचे दिवस येतात. हे काही कमी नाही, पण ती समता नव्हे.

आणि उसाचे काय? बाकीचा जिल्हा ऊस का लावतो? प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले, त्या वेळी खाजगी कारखानदारीच्या पुरस्कर्त्यांनी काय सांगितले असते ते आपण कल्पनेने जाणू शकतो. शेतकरी एकमेकांचे पाय ओढणार, हा त्याचा स्वभावच. तो कारखाना उभा राहिला आणि देशाला दिसले की शेतकरी भागधारकही होऊ शकतो. आज तोच ऊस राज्याच्या पिकाखालच्या क्षेत्राचा अगदी लहानसा तुकडा व्यापून सिंचनाचे निम्म्याहून अधिक पाणी पितो. हा मूर्खपणा आहे यात शंका नाही. पण तो कोणाचा? उसाला कायद्याने बांधलेला दर आहे, तो विकत घेणारा कारखाना ठरलेला आहे, नेणारी गाडी शेतात येते. बाजरी-ज्वारीला हमीभाव जाहीर होतो आणि खरेदी केंद्र शोधत हिंडावे लागते. अशा स्थितीत ऊस लावणारा शेतकरी मूर्ख तर नाहीच, तो नेमका हिशेबी आहे. प्रत्येकाने शहाणपणाने वागावे आणि सगळ्यांचे मिळून वाटोळे व्हावे, अशी व्यवस्था ज्यांनी बांधली त्यांचा स्वभाव तपासायचा असेल तर आमची हरकत नाही.

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आरंभी मूर्खांची लक्षणे सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाची सांगितली. मधले अंतर विचार करण्यासारखे आहे. साध्या मूर्खाला आपले नुकसान कळत नाही. पढतमूर्खाला सर्व कळते आणि तो तसेच वागतो. पाण्याखाली बुडालेल्या आणि पाण्यावाचून तडफडणाऱ्या अशा दोन्ही तालुक्यांचे आकडे ज्यांच्या टेबलावर असतात, आणि जे नव्या कारखान्याच्या परवान्यावर सही करतात, त्यांची जागा कोणत्या समासात आहे हे वाचकांनीच ठरवावे.

या सर्व मूर्खपणाचा भार शेवटी कोण वाहतो ते पाहायचे असेल तर दसरा उलटल्यावर पाथर्डी-जामखेडच्या रस्त्यावर उभे राहावे. बैलगाड्या, ट्रॅक्टर, भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरे यांसह माणसे ऊसतोडीला निघालेली असतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. माणसाला हत्याराचे नाव देणारी ही गणना आमच्या भाषेने निमूट स्वीकारली आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फिटत नाही, पुढच्या वर्षी तिच्यावर नवी उचल चढते. एक दिवस काम चुकले तर खाडा, आणि खाड्याचा दंड. शेजारच्या बीड जिल्ह्यात या खाड्याच्या धास्तीने आणि डॉक्टरांच्या धंद्याने मिळून ऊसतोडणी करणाऱ्या तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ साली सरकारनेच नेमलेल्या समितीच्या पाहणीत दिसून आले.

आणि याच माणसांविषयी बागायतदाराच्या ओसरीवर काय बोलले जाते? हे लोक पैसा राखत नाहीत, उचल लग्नात उडवतात, यांचा स्वभावच तसला. अहो, ज्याला वर्षातले सहा महिने घर नाही, ज्याच्या मुलाची शाळा दिवाळीला सुटते ती पुन्हा भरतच नाही, ज्याला म्हातारपणी निवृत्तिवेतन नाही, त्याने पैसा कशासाठी राखावा? त्याच्या दृष्टीने लग्नातले चार दिवस हीच जन्मातली एकमेव गुंतवणूक आहे, जिच्यात भाऊबंद गोळा होतात आणि अडीनडीला उभे राहतात. काटकसर हा भविष्य असणाऱ्यांचा सद्गुण आहे. नगर शहरातल्या ज्या नागरी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या ऑक्टोबरात रद्द केला, तिचे ठेवीदार तर काटकसरीच होते. त्यांच्या काटकसरीचे काय झाले?

नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात ब्रिटिशांनी काँग्रेस कार्यकारिणीला डांबून ठेवले होते. नेहरूंनी तेथे भारताच्या इतिहासाचा शोध घेतला, मौलाना आझादांनी पत्रे लिहिली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच बंदिवानांत दम्याने बेजार झालेले आचार्य नरेंद्र देव होते. १९३४ साली पाटण्याला समाजवाद्यांची पहिली परिषद भरली तिचे ते अध्यक्ष होते. किल्ल्यात त्यांनी वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’चे भाषांतर हाती घेतले. मार्क्सवादी माणूस तुरुंगात बौद्ध तत्त्वज्ञान वाचतो, याचे अनेकांना नवल वाटले. आम्हांला ते अगदी स्वाभाविक वाटते. बुद्धाच्या विचारात माणसाच्या आत न बदलणारा असा कोणताही गाभा नाही. अविद्येपासून दुःखापर्यंत सर्व काही कारणांनी उपजते आणि कारणे सरली की सरते. मार्क्सने १८४५ मध्ये फॉयरबाखवरच्या टिपणांत मनुष्याचे सार हे एकेकट्या व्यक्तीत दडलेले नसून ते त्याच्या सामाजिक संबंधांत आहे, असे म्हटले. दोघांच्या मार्गांत जमीन-अस्मानाचे अंतर असेल, पण ‘स्वभावच तसा’ म्हणणाऱ्याला दोघांच्याही दारात थारा नाही. उलट, नवा माणूस कारखान्यात घडवता येतो असे समजून ज्यांनी माणसांना साच्यात दाबले, त्यांनाही या विचारात आधार सापडणार नाही. माणूस दगड नाही तसा तो लोणीही नाही.

आणि चांगले जगणे म्हणजे तरी काय? येथे आमच्या चळवळीतल्या काही मंडळींना उगाच संकोच वाटतो. जणू गरिबाने फक्त भाकरी मागावी आणि सुखाचा विचार श्रीमंतांनी करावा. चैत्रात आडाला पाणी असणे, मुलाने एकाच शाळेत चौथीपासून दहावीपर्यंत बसणे, बाईला पाळीच्या दिवसांत घरी पडून राहता येणे, थंडीत कोवळ्या ज्वारीचा हुरडा भाजून चार मित्रांनी खाणे, यात्रेत कुस्ती पाहणे, रात्री तमाशाला जाऊन सकाळी कोणाची परवानगी न घेता उशिरा उठणे, हे चांगले जगणे आहे. यात संन्यास नाही आणि उधळपट्टीही नाही. राळेगणच्या शिस्तीत या शेवटच्या गोष्टीला जागा नव्हती, म्हणूनही ती शिस्त आम्हांला अपुरी वाटते. ज्या समाजसुधारणेत हसण्याला परवाना लागतो, तिच्यातून माणसे लवकरच पळ काढतात आणि मग सुधारक पुन्हा स्वभावाला दोष देत बसतो.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत हिवरे बाजारपुरती न राहता जिल्हाभर पसरावी, असे आता सरकारही म्हणते. चांगले आहे. परंतु हा ताळेबंद पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात मांडतात. नेमक्या त्याच वेळी पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वस्त्या रिकाम्या झालेल्या असतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या दिवशी हे लोक कोणत्या तरी कारखान्याच्या फडात कोपीवर असतात. म्हणजे गावाच्या पाण्याविषयी, रोजगार हमीच्या कामांविषयी, शाळेविषयी जे काही ठरते ते या माणसांच्या पाठीमागे ठरते आणि परत आल्यावर त्यांनी ते पाळावे अशी अपेक्षा असते. ज्या तालुक्यांतून कोयते बाहेर पडतात, त्या तालुक्यांत पाण्याच्या हिशेबाची ग्रामसभा दसऱ्यापूर्वी भरवावी. परतीच्या काळात, मे महिन्यात, त्यांच्यासमोर तो हिशेब पुन्हा वाचून दाखवावा आणि बदलण्याचा अधिकार त्यांना असावा. उचलीची नोंद मुकादमाच्या वहीत न राहता ग्रामपंचायतीच्या वहीत व्हावी. या मागण्यांना एका नव्या कारखान्याच्या भूमिपूजनाइतकाही खर्च येणार नाही. जिल्हा परिषदेने हे यंदाच्या दसऱ्याआधी करावे.